वेस्ट पॉइंटच्या आठवड्याआधी पासपोर्टचा अर्ज

प्रश्न: न्यू जर्सीत राहणाऱ्या एका आईचं हे पत्र. मुलगी १६ वर्षांची, ज्युनिअर म्हणजे अकरावीत. ती पाच वर्षांची असताना कुटुंब पुण्याहून इथे आलं. आईवडिलांनी दोन वर्षांपूर्वी अमेरिकन नागरिकत्व घेतलं. मुलगी अजून ग्रीन कार्डवर आहे आणि '१८ पूर्ण झाली की ती स्वतः अर्ज करेल' असं घरात गृहीत आहे. मुलीला वेस्ट पॉइंटला (अमेरिकी लष्कराची अकादमी) किंवा ॲनापोलिसला (नौदलाची अकादमी) जायचंय. त्यासाठी जूनमधल्या आठवडाभराच्या उन्हाळी कार्यक्रमांना अर्ज करायचाय. वडिलांचा ठाम विरोध आहे. त्यांचे वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते आणि वर्षातून एकदा-दोनदा घरी दिसायचे. आजोबा मात्र फोनवर नातीला सांगतात, "एनडीएसारखी एक परीक्षा असेल, ती दे आणि मोकळी हो." आई विचारते: आठवडाभर पाठवलं तर हौस फिटेल का? तिथे निवड झाली नाही तर पुढचा प्रवेशही गेला असं समजायचं का? आठवीपर्यंत इनहेलर होता, तो लिहायचा की नाही? "फॉर्म मीच भरायला घेतलाय, निबंधही जवळजवळ झालाय. एकदा नजर टाकाल का?"

उत्तर:

निबंधावर नजर टाकणार नाही, कारण तो तुम्ही लिहिलाय. त्याकडे नंतर येते. आधी पत्रात तुम्ही जाता जाता लिहिलेलं एक वाक्य घेऊ. बाकी सगळं त्यावर उभं आहे.

मुलगी 'अजून ग्रीन कार्डवर' आहे असं तुम्ही म्हणता. बहुधा ती नाहीये. अमेरिकेच्या २००० सालच्या बाल नागरिकत्व कायद्याप्रमाणे मूल १८ वर्षांच्या आत असेल, ग्रीन कार्डधारक असेल, इथे राहत असेल आणि नागरिक असलेल्या आईच्या किंवा वडिलांच्या ताब्यात असेल, तर ते आपोआप नागरिक होतं. वेगळा अर्ज, परीक्षा, शपथ, काही लागत नाही. म्हणजे तुमच्यापैकी एकाने शपथ घेतली त्याच दिवशी, १४ व्या वर्षी, ती नागरिक झाली असणार. तुमच्याकडे फक्त त्याचा कागद नाही. अकादमीत दाखल होण्याच्या दिवशी उमेदवार अमेरिकन नागरिक असावाच लागतो (परदेशी सरकारांनी पाठवलेले मोजके कॅडेट सोडून). त्यामुळे '१८ नंतर बघू' म्हणत बसलात तर बारावीच्या ऐन धावपळीत हा कागद आडवा येईल.

कागद म्हणजे अमेरिकन पासपोर्ट. मुलीला घेऊन प्रत्यक्ष जायचं. सोबत तिचं ग्रीन कार्ड, पुण्याचा जन्मदाखला, तुमच्यापैकी एकाचं नागरिकत्वाचं प्रमाणपत्र आणि तुमचा विवाहाचा दाखला न्यायचा. इथे आपल्या लोकांचं हमखास अडतं ते नावात. जन्मदाखल्यावर नुसतं मुलीचं नाव, ग्रीन कार्डवर मधलं नाव वडिलांचं, शाळेत मधलं नाव गायब, आईचं नाव एकीकडे माहेरचं आणि दुसरीकडे सासरचं. पासपोर्टवर येईल तेच नाव पुढे एसएटी या कॉलेज प्रवेश परीक्षेच्या नोंदणीत, शाळेच्या ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रकावर) आणि अकादमीच्या अर्जात अक्षरन् अक्षर वापरा. नाव जुळलं नाही तर गुण फाइलला लागत नाहीत आणि 'अपूर्ण' असा शेरा महिनोन् महिने तसाच राहतो. पासपोर्ट आला की सोशल सिक्युरिटीच्या नोंदीतही नागरिकत्व बदलून घ्या. भारतीय पासपोर्ट रीतसर परत करावा लागेल. नागरिक झाल्यावर तो वापरत राहणं भारताच्या कायद्यात बसत नाही.

याच विषयातली आणखी एक गोष्ट घरात आत्ताच बोलून ठेवा. भारत सरकारच्या नियमांप्रमाणे परदेशी सैन्यात नोकरीला असलेल्या किंवा तिथून निवृत्त झालेल्या व्यक्तीला ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना व्हिसाविना भारतात येऊ देणारं कार्ड) मिळत नाही. म्हणजे ती खरोखर या वाटेने गेली, तर पुढे आजोबांना भेटायला जाणं व्हिसावर आणि वरिष्ठांना कळवून. हे ऐकून बेत बदलावा असं माझं मुळीच म्हणणं नाही. पण ते तिला १६ व्या वर्षी कळलेलं बरं.

आता उन्हाळी कार्यक्रम. 'हौस फिटेल का' या प्रश्नामागे तुमची समजूत दिसते की हा आठवडा म्हणजे मुद्दाम घाबरवण्याचं शिबिर आहे. आणि 'निवड झाली नाही तर' यामागे उलटी समजूत, की ही प्रवेशाची पहिली फेरी आहे. हा आठवडा यातलं काहीच नाही. वेस्ट पॉइंटचा समर लीडर्स एक्स्पिरियन्स आणि ॲनापोलिसचा समर सेमिनार हे दोन्ही अकरावी संपवून बारावीत जाणाऱ्यांसाठी असतात. मुलं कॅडेटांच्या खोल्यांत राहतात, सकाळी उठून पीटी करतात, वर्गात बसतात, मेसमध्ये जेवतात. तुकडीचं नेतृत्व वरच्या वर्गातले कॅडेट करतात. ॲनापोलिसला त्यांना मिडशिपमन म्हणतात. शिस्त असते, आवाज चढतात, पण दाखल झाल्यावरच्या पहिल्या उन्हाळी प्रशिक्षणाची ही फार सौम्य चव आहे. इथे जाऊन आलेल्याला प्रवेश मिळतोच असं नाही, आणि न गेलेले कितीतरी जण दरवर्षी अकादमीत दाखल होतात. अर्ज जागांपेक्षा कितीतरी जास्त येतात, त्यामुळे चांगल्या मुलांनाही नकार येतो. नकार आला तर त्या संध्याकाळी तिला रडू द्या, आणि दुसऱ्या दिवसापासून मुख्य प्रवेशाचं काम पूर्वीसारखंच चालू ठेवा.

तरीही अर्ज करावा, त्याला एक व्यवहारी कारण आहे. उन्हाळी कार्यक्रमाचा अर्ज भरला की तिची माहिती प्रवेश कार्यालयात पोचते; ॲनापोलिसला तर तोच अर्ज प्राथमिक अर्ज म्हणून धरतात. म्हणजे निवड होवो न होवो, फाइल उघडते. म्हणून तो फॉर्म निष्काळजीपणे भरायचा नसतो, आणि आईने तर भरायचाच नसतो.

निबंधाचं म्हणाल तर, १६ वर्षांच्या मुलीच्या नावाने आलेला ४५ वर्षांच्या बाईचा मजकूर वाचणाऱ्याला दुसऱ्या ओळीत कळतो. 'मला देशसेवेची लहानपणापासून ओढ आहे' हे वाक्य तिथे हजारोंनी येतं. तिला विचारा: पायदळ की नौदल, नक्की काय आणि का? शाळेत एखादं काम तिच्यावर सोपवलं आणि ते फसलं, असं कधी झालं? तिचं उत्तर ओबडधोबड असलं तरी तेच लिहू द्या. पुढे मुलाखतीत त्याच वाक्यांवर प्रश्न येतील आणि तेव्हा तुम्ही शेजारी नसाल. अकादमीशी पत्रव्यवहार आणि फोनही तिनेच करायचे. आईबाबांचे सारखे फोन येणं तिथे चांगलं दिसत नाही. आणि अर्जात शाळेचा ईमेल देऊ नका. पुष्कळ शाळांच्या खात्यांवर बाहेरची पत्रं अडवली जातात आणि शिक्षण संपलं की खातंही बंद होतं. स्वतःच्या नावाचा साधा पत्ता काढून द्या आणि तो रोज बघायची सवय तिला लागू द्या.

तारखांचं सांगायचं तर, कोलोरॅडो स्प्रिंग्जची हवाई दलाची अकादमी सगळ्यांत आधी अर्ज घेते, साधारण डिसेंबरात, आणि जानेवारीच्या मध्याला खिडकी मिटते. वेस्ट पॉइंट आणि ॲनापोलिसचे अर्ज जानेवारीत उघडतात. कोस्ट गार्ड (तटरक्षक दल) अकादमीचा कार्यक्रम जुलैत, कनेक्टिकटमधल्या न्यू लंडनला असतो. दिवस, शुल्क, कधी कधी कार्यक्रमाचं स्वरूपही दरवर्षी बदलतं. म्हणून मागच्या वर्षी कुणी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या तारखांवर विसंबू नका, अकादमीचं स्वतःचं संकेतस्थळ उघडा. अर्जाला पीएसएटी, एसएटी किंवा एसीटीचे गुण लागतात आणि शाळेकडून श्रेणींची माहिती लागते. शाळेच्या कौन्सेलरकडे एकाच वेळी शंभर मुलांची कामं असतात. शेवटच्या आठवड्यात त्यांच्या दाराशी उभं राहून उपयोग होत नाही. नाताळच्या सुट्टीआधी मुलीने त्यांना भेटून सांगावं की जानेवारीत माझा कागद लागणार आहे.

न्यू जर्सीत राहणाऱ्यांची एक खास अडचण. तुमच्या शाळा जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत चालतात. वेस्ट पॉइंटचा कार्यक्रम जूनच्या सुरुवातीला असतो, म्हणजे थेट वार्षिक परीक्षेवर आदळतो. ॲनापोलिसला जूनमध्ये वेगवेगळ्या तुकड्या असतात, तिथे उशिराची मागता येते. निवडीचं पत्र आल्यावर नव्हे, अर्ज करतानाच शाळेला विचारा की परीक्षा आधी किंवा नंतर देता येईल का. याच सुमारास गर्ल्स स्टेट (शाळकरी मुलींना राज्यकारभार शिकवणारं शिबिर) असतं, आणि अर्जात त्यालाही चांगलं वजन आहे. दोन्ही एकाच आठवड्यात आलं तर? मुलीला खरंच सैन्यात जायचं की नाही हे अजून ठरत नसेल तर अकादमीचा आठवडा घ्यावा. ते पक्कं ठरलं असेल तर गर्ल्स स्टेटला जावं. हे माझं मत, नियम नाही.

खर्चाचं: शुल्क काही शे डॉलर, प्रवास वेगळा. ते जड वाटत असेल तर कार्यक्रमाशिवायही निम्मं काम होतं, कारण वेस्ट पॉइंट तुमच्या दारात आहे. न्यू यॉर्क शहराच्या उत्तरेला जेमतेम ५० मैल. सकाळी निघून रात्री जेवायला घरी परत. फक्त एक चूक टाळा. हायलंड फॉल्सच्या पर्यटक केंद्रातून निघणारी बसची सहल ही पर्यटकांसाठी असते. त्यात ट्रॉफी पॉइंटवरून हडसनचा देखावा बघून, फोटो काढून लोक परततात. तुम्हाला हवी ती प्रवेश कार्यालयाची भेट. त्यात अधिकारी माहिती देतात, कॅडेट सोबत फिरवतात, प्रश्न विचारता येतात. तिची नोंदणी आधी ऑनलाइन करावी लागते. लष्करी तळ आहे, त्यामुळे सरकारी ओळखपत्र आणि सुरक्षा तपासणी आलीच. सगळ्यांचे पासपोर्ट बरोबर ठेवा आणि तासभर आधी पोचा.

ॲनापोलिसला गाडी शहरात लावून पायी फाटकातून आत जायचं. जायचंच असेल तर शाळेला सुट्टी घेऊन आठवड्यातल्या कामाच्या दिवशी जा. दुपारच्या जेवणाआधी सगळे मिडशिपमन बॅनक्रॉफ्ट हॉल या वसतिगृहासमोर रांगेत उभे राहतात, हवा बरी असेल तर ते बाहेरून बघता येतं. शनिवार-रविवारी गेलात तर सुंदर इमारती दिसतील, पण तिथलं जगणं दिसणार नाही. मुलीला सोबतच्या कॅडेटशी एकटीला बोलू द्या. तुम्ही दहा पावलं मागे राहा. तिने विचारावं: पहिल्या वर्षी किती झोपायला मिळतं? तुझ्या वर्गातली किती मुलं सोडून गेली आणि का? तू सोडायचा विचार कधी केलास? तुम्ही स्वतः विचारायचा प्रश्न वेगळा आहे. या अकादम्यांतल्या लैंगिक छळ आणि अत्याचारांच्या तक्रारींवर अमेरिकेचं संरक्षण खातं दरवर्षी अहवाल प्रसिद्ध करतं. तो आधी वाचा आणि मग अधिकाऱ्यांना सरळ विचारा की तक्रार कुठे करायची, नाव गुप्त राहतं का. मुलीची आई म्हणून हा प्रश्न विचारण्यात संकोच नको. तो त्यांच्या ओळखीचा आहे.

आजोबांची 'एक परीक्षा' ही कल्पना खडकवासल्याच्या एनडीएला लागू पडते. तिथे यूपीएससीची लेखी परीक्षा, मग एसएसबी या निवड मंडळाचे पाच दिवस, मग वैद्यकीय आणि गुणवत्ता यादी. इथे तसं नाही. इथे शाळेचे गुण, एसएटी, शारीरिक चाचणी, वैद्यकीय तपासणी, मुलाखत असे वेगवेगळे धागे एकाच वेळी चालतात, आणि आपल्याकडे ज्याची कल्पनाच नाही असा एक धागा म्हणजे नॉमिनेशन, लोकप्रतिनिधीने उमेदवाराचं नाव सुचवणं. तुमच्या राज्याचे दोन सिनेटर आणि तुमच्या मतदारसंघाचा प्रतिनिधी, या तिघांकडे वेगवेगळे अर्ज करायचे. प्रत्येकाला प्रत्येक अकादमीत एका वेळी पाचच विद्यार्थी ठेवता येतात. त्याला 'वशिला' समजून नाक मुरडू नका आणि ओळख काढायलाही जाऊ नका. अर्ज, निबंध, शिफारसपत्रं आणि बहुतेक ठिकाणी समितीसमोर मुलाखत असते. मुदत बारावीच्या शरद ऋतूत संपते, पण बऱ्याच कार्यालयांचे अर्ज अकरावीच्या वसंतातच उघडतात. तिन्हींकडे करा. फक्त कोस्ट गार्ड अकादमीला नॉमिनेशन लागत नाही. एवढ्यासाठी तरी तिने ती यादीत ठेवावी.

इनहेलर. लपवायचा नाही. पण न बघता 'दमा' असंही लिहून टाकायचं नाही. तेराव्या वाढदिवसानंतरचा दमा हे लष्करी वैद्यकीय निकषांत अपात्रतेचं कारण आहे, म्हणून 'आठवीपर्यंत' म्हणजे नक्की कोणत्या महिन्यापर्यंत, हे महत्त्वाचं आहे. बालरोगतज्ज्ञाकडून संपूर्ण नोंदी मागवा. निदान काय लिहिलंय? दमा, की सर्दीनंतरचा खोकला, की धुळीची ॲलर्जी? शेवटचं औषध कधी लिहून दिलं आणि फार्मसीतून ते कधी उचललं? कित्येकदा डॉक्टरांनी खबरदारी म्हणून इनहेलर दिलेला असतो आणि विम्याच्या कागदावर मात्र दमा असा शब्द उमटलेला असतो. निदान तसं नसेल तर डॉक्टरांकडून स्पष्ट पत्र घ्या, आणि फुप्फुसांच्या क्षमतेची चाचणी करून घ्यायची का तेही विचारा. मुख्य वैद्यकीय तपासणी बारावीत होते. त्यात अपात्र ठरलं तरी सवलत देण्याचा अधिकार अकादमीला असतो, आणि ती मिळतेही. लपवलेलं नंतर सापडलं तर मात्र प्रश्न फुप्फुसांचा राहत नाही, खरेपणाचा होतो, आणि या संस्थांत खोटं बोलण्यावरून मुलं बाहेर काढली जातात.

जाण्याआधीची तयारी. शारीरिक चाचणीत गुडघ्यांवर बसून एका हाताने बास्केटबॉल फेकणं, पुल-अप, ठरावीक अंतरात मागेपुढे धावणं, पोटाचा व्यायाम, जोर आणि एक मैल धावणं असतं, एकामागून एक, मध्ये फारशी विश्रांती नसते. मुली अडकतात त्या पुल-अपला आणि बास्केटबॉलला. पुल-अपसाठी नुसतं लटकून राहण्यापासून सुरुवात करायची; मग खुर्चीवरून वर चढून पाच सेकंदांत सावकाश खाली यायचं, आठवड्यातून तीनदा. जानेवारीत सुरू केलं तर जूनपर्यंत एक-दोन तरी निघतात. बास्केटबॉलमध्ये पायांचा जोर मिळत नाही, कंबर आणि खांदा वळवूनच फेकावं लागतं. ती युक्ती हातात बसायला दोन आठवडे पुरतात, पण चाचणीच्या दिवशी पहिल्यांदा फेकणाऱ्याचा चेंडू पुढ्यातच पडतो. मैल नुसता एकटा धावून मोजू नका, जोर काढून झाल्यावर लगेच धावून मोजा. कोलोरॅडोला निवड झाली तर ती अकादमी दोन हजार मीटरहून उंचावर आहे. पहिले दोन दिवस दम लागणारच, पाणी जास्त प्यायचं.

बूट नवे घेऊ नका. घ्यावेच लागले तर एप्रिलमध्ये घ्या आणि रोज घाला. आठवडा सोडून मुलं परततात ती घाबरून नव्हे, फोडांनी. ती शाकाहारी असेल तर फॉर्ममध्ये तसं लिहा. पर्याय मिळतो, पण जेवायला वेळ मोजका असतो, आणि 'नंतर काहीतरी खाईन' हे तिथे चालत नाही. घरी आतापासून पंधरा मिनिटांत पोटभर जेवायची सवय लावा. आपल्या घरांत ही सवय लावणं पुल-अपपेक्षा अवघड जातं.

राहिले मुलीचे वडील. त्यांचा विरोध अज्ञानातून नाही, अनुभवातून आहे, म्हणून तो समजूत घालून जाणार नाही. त्यांना आकडे द्या. पदवीनंतर किमान पाच वर्षं सक्रिय सेवा. वैमानिक झाली तर त्याहून बरीच जास्त. फी नाही, उलट विद्यावेतन मिळतं, पण 'फुकट शिक्षण' हा शब्द घरात वापरू नका, कारण त्याची किंमत त्या पाच वर्षांत मोजली जाते. मात्र पहिली दोन वर्षं ती कुठलंही बंधन न घेता सोडू शकते. बांधिलकी तिसरं वर्ष सुरू होताना लागते. शिवाय मधला मार्ग आहे: साध्या विद्यापीठात राहून आरओटीसी, म्हणजे पदवीबरोबरच अधिकारी होण्याचं सैनिकी प्रशिक्षण. तुमच्या राज्यातल्या रटगर्स विद्यापीठातच आर्मी आणि एअर फोर्सची आरओटीसी आहे. तिथे अधिकारी होता येतं आणि रविवारी घरी जेवायलाही येता येतं. त्याची राष्ट्रीय शिष्यवृत्तीही अकादमीच्या अर्जाच्या जोडीनेच मागायची असते, अकादमीतून नकार आल्यावर नाही.

वेस्ट पॉइंटच्या भेटीला मुलीच्या वडिलांनाच गाडी चालवायला सांगा. फौजेतल्या माणसाच्या घरच्यांचे प्रश्न काय असतात ते त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहेत, आणि तिथल्या कॅडेटला ते त्यांनीच विचारावेत: तू घरी शेवटचा कधी गेलास, आईचा फोन कधी आला, सुट्टी किती मिळते. उत्तरं मुलीच्या कानावर पडू देत.

पासपोर्टच्या अर्जासाठी पोस्ट ऑफिसात आधी वेळ घ्यावी लागते. ती आज रात्रीच घ्या.